एका वेळी एकच विमान: धावपट्टीवरची टक्कर कशी होते आणि कशी टळते

सोलापुरात विमानसेवेचा विषय निघाला की वर्षानुवर्षं बोलणं चिमणीवर येऊन थांबायचं. सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची ती चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली. त्यावरून झालेले वाद आणि कोर्टकचेऱ्या सगळ्या शहराने पाहिल्या. पुढे जून २०२५ मध्ये होटगी रोडवरच्या विमानतळावरून गोव्याचं विमान उडालं आणि ऑक्टोबरात मुंबईचं. विमानाच्या वाटेत हवेत काय येऊ नये, हे त्या निमित्ताने पानटपरीवरसुद्धा लोक समजावून सांगू लागले. धावपट्टीवर जमिनीवरच काय येऊ नये, हा विषय मात्र कुणी काढत नाही. तो काढायला हवा, कारण जगातला सर्वाधिक बळी घेणारा विमान अपघात आकाशात झालेला नाही. दोन भरलेली जम्बो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली होती.

आता सोलापूरचा माणूस इथल्या शांत धावपट्टीवरून उडतो आणि तासाभरात मुंबईत उतरतो, जिथे दिवसाला नऊशेहून जास्त विमानं चढतात-उतरतात. मुंबईत धावपट्ट्या दोन आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत आणि बहुतेक सगळा भार मुख्य पट्टीवरच पडतो. गर्दीच्या तासात एक विमान पट्टीवरून बाहेर पडतंय, दुसरं तोंडाशी उभं आहे, तिसरं काही किलोमीटरवर खाली येतंय, असं चित्र जवळजवळ सतत असतं. आपण खिडकीतून वांद्र्याची खाडी किंवा घाटकोपरच्या इमारती शोधत असतो, तेव्हा वर टॉवरमध्ये बसलेलं कुणीतरी सेकंदांचा हिशेब करत असतं.

नियम एका ओळीचा आहे. धावपट्टी एका वेळी एकाच्या मालकीची. जे विमान उतरतंय किंवा उडतंय, त्याच्याशिवाय तिथे दुसरं विमान, गाडी, माणूस, काहीही नको. परवानगीशिवाय किंवा चुकीच्या परवानगीने कुणी त्या राखीव पट्ट्यात शिरलं, तर त्याला विमानवाले 'रनवे इन्कर्जन' म्हणतात. टक्कर झाली नाही, कुणाला खरचटलंही नाही, तरी ती घटना नोंदवावीच लागते. अशा घटनांची गंभीरतेनुसार ए ते डी अशी प्रतवारी करतात. 'ए' म्हणजे टक्कर अगदी थोडक्यात टळली.

एवढा सोपा नियम मोडतो कसा? सोलापूर हे रेल्वेचं गाव आहे, म्हणून रेल्वेचंच उदाहरण घेतो. दौंड ते वाडी हा मार्ग पूर्ण दुहेरी झाला तो आत्ता काही वर्षांपूर्वी. एकेरी मार्गाच्या जुन्या काळात दोन स्टेशनांच्या मध्ये एकच गाडी असावी म्हणून टोकनची यंत्रं असायची. यंत्रातून लोखंडी गोळा निघाला आणि तो ड्रायव्हरच्या हातात पडला, तरच गाडी पुढे. तो गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हीकडच्या यंत्रांतून दुसरा निघायचाच नाही. स्टेशनमास्तर विसरला तरी यंत्र विसरत नसे. धावपट्टीवर असा गोळा नाही. तिथली परवानगी म्हणजे रेडिओवर बोललेलं एक वाक्य. टॉवरमधला कंट्रोलर, म्हणजे विमानांची वाहतूक सांभाळणारा माणूस, बोलतो, पायलट ऐकतो, तेच शब्द परत म्हणून दाखवतो आणि कंट्रोलर ते बरोबर आहेत का हे तपासतो. या परत म्हणून दाखवण्याला 'रीडबॅक' म्हणतात. धावपट्टीवर शिरणं, ती ओलांडणं, तिच्या अलीकडे थांबणं, टेकऑफ, लँडिंग, या सगळ्या सूचनांना रीडबॅक सक्तीचा आहे. नुसतं 'ओके' किंवा 'रॉजर' चालत नाही.

म्हणजे शेकडो जीव एका वाक्यावर, ते ऐकणाऱ्या कानावर आणि ते बोलणाऱ्याच्या आठवणीवर उभे असतात. पुढचे बहुतेक अपघात या तिघांपैकी कुठेतरी पडलेल्या भेगेतून झालेले आहेत.

तेनेरीफ, २७ मार्च १९७७

स्पेनच्या ताब्यातल्या कॅनरी बेटांवर, शेजारच्या बेटाच्या विमानतळावर बॉम्बस्फोट झाला म्हणून अनेक विमानं तेनेरीफच्या छोट्या लॉस रोदेओस विमानतळावर वळवली गेली. तिथे एकच धावपट्टी आणि तिला समांतर एकच टॅक्सीवे. टॅक्सीवे म्हणजे पार्किंगपासून धावपट्टीपर्यंत जायचा विमानांचा रस्ता. आलेल्या विमानांनी तोही भरून गेला. मग निघणाऱ्या विमानांना धावपट्टीवरूनच चालत टोकापर्यंत जावं लागलं. केएलएम या डच कंपनीचं जम्बो टोकाला जाऊन वळून उभं राहिलं. पॅन ॲम या अमेरिकन कंपनीचं जम्बो त्याच्यामागून त्याच पट्टीवरून येत होतं आणि मध्येच एका फाट्याने त्याला बाहेर पडायचं होतं. एवढ्यात धुकं उतरलं. दोन्ही विमानं एकमेकांना दिसत नव्हती, टॉवरला दोन्ही दिसत नव्हती, आणि जमिनीवरचं रडार तिथे नव्हतं.

केएलएमच्या वैमानिकांना मार्गाची परवानगी मिळाली, म्हणजे उडाल्यावर कुठल्या दिशेने, किती उंचीवर जायचं एवढीच. उडण्याची परवानगी वेगळी असते आणि ती मिळालेली नव्हती. पण मार्गाच्या परवानगीत 'टेकऑफ' हा शब्द येऊन गेला. ती परत म्हणता म्हणता को-पायलट 'आता टेकऑफला आहोत' अशा अर्थाचं काहीतरी बोलला आणि कॅप्टनने विमान सोडलं. कंट्रोलरला वाटलं, ते टेकऑफच्या जागी उभे आहेत. त्याने 'ओके' म्हटलं आणि पुढे सांगितलं की थांबा, मी बोलावतो. नेमक्या त्याच क्षणी घाबरलेल्या पॅन ॲमच्या वैमानिकांनी सांगितलं की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. विमानांच्या रेडिओवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. दोघे एकदम बोलले की ऐकणाऱ्याला कर्कश शिट्टी ऐकू येते. केएलएमच्या कॉकपिटमध्ये 'ओके' पोहोचलं आणि त्यानंतर शिट्टी.

यातली मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट यानंतरची आहे. त्यानंतरचं पॅन ॲमचं एक वाक्य स्पष्ट ऐकू आलं होतं आणि केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. ते पॅन ॲम बाजूला झालेलं नाही का, असं त्याने विचारलंही. कॅप्टन कंपनीतला मोठा माणूस, वैमानिकांना शिकवणारा. त्याने ठामपणे सांगितलं की झालंय. इंजिनिअर गप्प बसला. काही सेकंदांत ५८३ माणसं गेली. वाचले ते पॅन ॲमच्या विमानातले ६१.

आपल्याकडे कुठल्याही ऑफिसात, ऑपरेशन थिएटरात, एसटीच्या केबिनमध्ये साहेबांना दोनदा विचारणं म्हणजे उद्धटपणा समजतात. तेनेरीफनंतर विमान क्षेत्राने हा संस्कार मोडायचं ठरवलं. कनिष्ठाने शंका बोलून दाखवायची, उत्तर पटलं नाही तर पुन्हा बोलायची, आणि वरिष्ठाने ती ऐकायची, हे प्रशिक्षणाचा भाग झालं. शब्दांची शिस्तही बदलली. आता 'टेकऑफ' हा शब्द फक्त उडण्याची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारतात. बाकी सगळीकडे 'डिपार्चर' म्हणतात. 'क्लिअर्ड फॉर टेकऑफ' हे तीन शब्द कानावर पडले नाहीत, तर विमान हलवायचं नाही.

विसरणं

शब्द स्वच्छ असले तरी माणूस विसरतो. १ फेब्रुवारी १९९१ च्या संध्याकाळी लॉस एंजेलिसला टॉवरमधल्या महिला कंट्रोलरने एका छोट्या विमानाला धावपट्टीवर जाऊन उभं राहायला सांगितलं. त्याला 'लाइन अप अँड वेट' म्हणतात, म्हणजे पट्टीवर जा, पण उडू नका. ही सूचना आजही रोज हजारो वेळा दिली जाते. तेवढ्यात दुसऱ्या एका विमानाशी रेडिओवर संपर्क होईना म्हणून तिचं लक्ष तिकडे गेलं. पट्टीवर उभं असलेलं विमान तिच्या डोक्यातून निसटलं आणि तिने एका बोइंग ७३७ ला त्याच पट्टीवर उतरायची परवानगी दिली. ३५ जण मरण पावले.

उतरणाऱ्या वैमानिकांना समोर उभं विमान दिसलं कसं नाही? रात्री धावपट्टीच्या मधोमध आणि कडेने दिव्यांच्या रांगा असतात. मागून पाहिलं तर उभ्या विमानाचे दोन-तीन दिवे त्या रांगांत मिसळून जातात. पट्टीवर उभ्या असलेल्या वैमानिकाला तर मागचं काहीच दिसत नाही, कारण विमानाला मागची काच नसते. पाठीमागून ताशी दोनशे किलोमीटरहून जास्त वेगाने काय येतंय, हे त्याला फक्त रेडिओवरून कळू शकतं.

अमेरिकेच्या तपास यंत्रणेने त्या कंट्रोलरच्या विसरण्यावर अहवाल संपवला नाही. एका माणसाची चूक दुसऱ्याच्या नजरेत यावी अशी व्यवस्था त्या टॉवरच्या व्यवस्थापनाने ठेवलेली नव्हती, हे अपघाताचं मूळ कारण म्हणून तिने नोंदवलं. एका माणसाच्या आठवणीवर धावपट्टी सोडायची नाही, हे इतकं स्पष्ट लिहिलेलं मी फार थोड्या सरकारी अहवालांबाबत वाचलं आहे.

तरीही तेहतीस वर्षांनी टोकियोत जवळपास तसंच घडलं. २ जानेवारी २०२४, हानेदा विमानतळ. आदल्या दिवशी नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला होता. तिथल्या लोकांसाठी मदत सामग्री घेऊन जपानच्या तटरक्षक दलाचं छोटं विमान निघालं होतं. कंट्रोलरने त्यांना धावपट्टीच्या अलीकडच्या थांब्यापर्यंत यायला सांगितलं आणि तुम्ही 'नंबर वन' आहात असंही सांगितलं, म्हणजे उडण्याच्या रांगेत पहिले. रीडबॅकही नीट झाला. पण वैमानिकांनी पट्टीवर जायची परवानगी मिळाली असा अर्थ घेतला. विमान आत शिरलं आणि सुमारे ४० सेकंद तिथे उभं राहिलं. मागून जपान एअरलाइन्सचं ३७९ जणांचं एअरबस ए३५० उतरलं आणि त्यावर आदळलं. तटरक्षक दलाच्या सहापैकी पाच जण गेले.

त्या ४० सेकंदांत किती अडसर होते ते बघा. थांब्यावर लाल दिव्यांची आडवी रांग असते, तिला स्टॉप बार म्हणतात. ती त्या दिवशी दुरुस्तीसाठी बंद होती. टॉवरमधल्या पडद्यावर इशारा आला, पट्टीचा आणि विमानाचा रंग बदलला, पण आवाज होत नव्हता आणि कंट्रोलरचं तिकडे लक्ष गेलं नाही. उतरणाऱ्या वैमानिकांना समोरचं विमान अंधारात कळलं नाही. एकेक अडसर एकेकटा फसला, आणि सगळे एकाच संध्याकाळी फसले. अपघातानंतर जपानने 'नंबर वन' म्हणणं काही काळ थांबवलं आणि तो पडदा सतत पाहण्यासाठी वेगळा माणूस नेमला.

रंग आणि दिवे

टॅक्सीवे जिथे धावपट्टीला मिळतो, तिथे जमिनीवर चार पिवळ्या रेघा आडव्या मारलेल्या असतात, दोन अखंड आणि दोन तुटक. अखंड रेघांच्या बाजूने येणाऱ्याने परवानगीशिवाय पलीकडे जायचं नाही. तुटक रेघांच्या बाजूने, म्हणजे धावपट्टीवरून बाहेर पडणाऱ्याने थांबायचं नाही, शेपटीसकट पूर्ण बाहेर यायचं. शेजारी लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरांत धावपट्टीचा क्रमांक असतो. तो होकायंत्रावरच्या दिशेवरून येतो. पुण्याच्या पट्टीला एका टोकाकडून १० आणि दुसऱ्याकडून २८ म्हणतात, म्हणजे साधारण १०० आणि २८० अंश. रात्री टॅक्सीवेच्या कडेचे दिवे निळे असतात, मधले हिरवे आणि धावपट्टीच्या कडेचे पांढरे. पुढच्या वेळी खिडकीची जागा मिळाली तर उडायच्या आधी त्या पिवळ्या रेघा नक्की शोधा. अंधारात निळे दिवे संपून पांढरे सुरू झाले की आपण पट्टीवर आलो हेही समजतं.

हे रंगकाम फार साधं वाटतं. इटलीत मिलानच्या लिनाते विमानतळावर ८ ऑक्टोबर २००१ च्या सकाळी दाट धुकं होतं. एक छोटं खासगी जेट चुकीच्या टॅक्सीवेवर वळलं. तिथल्या खुणा झिजलेल्या होत्या. वैमानिकाने आपण कुठे आहोत ते जमिनीवर लिहिलेली खूण वाचून रेडिओवर सांगितलं, पण ती खूण कंट्रोलरच्या नकाशातच नव्हती. त्याने उलटून विचारलं नाही. जमिनीवरचं जुनं रडार बंद केलेलं, नवं अजून सुरू झालेलं नव्हतं. ते जेट धावपट्टीवर गेलं आणि उडणाऱ्या एसएएस या स्कँडिनेव्हियन कंपनीच्या प्रवासी विमानाने त्याला धडक दिली. ११८ जण मेले. रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन विमानतळावर काम करणारा माणूस किती मोलाचं काम करतो, ते मला या अपघाताबद्दल वाचताना कळलं.

धुक्यात वेळ किती मिळतो त्याचा हिशेब करून बघा. मोठं विमान उडायच्या बेतात असतं तेव्हा वेग ताशी २७० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला ७५ मीटर. दोनशे मीटरवरचं दिसत असेल, तर समोरचं विमान दिसल्यापासून आदळेपर्यंत तीन सेकंदही नाहीत. शिवाय प्रत्येक उड्डाणाला एक ठरलेला वेग असतो, तो ओलांडला की पट्टीवर थांबणं धोक्याचं, उडावंच लागतं. तेव्हा 'पायलटने ब्रेक मारायला हवा होता' हे वाक्य बहुतेक वेळा बोलू नये.

हवेत टक्कर टाळण्यासाठी विमानांत टीकॅस नावाची यंत्रणा असते. समोरच्या विमानाशी ती स्वतःच बोलते आणि एकाला वर, दुसऱ्याला खाली जायला सांगते. अनेकांचा समज असतो की तीच जमिनीवरही सांभाळेल. तसं होत नाही. जमिनीलगत वर-खाली जायला जागाच नसते, म्हणून त्या उंचीवर तिच्या सूचना बंद ठेवलेल्या असतात. जमिनीसाठी वेगळं रडार लागतं. ते मोठ्या विमानतळांवर असतं, सगळीकडे नसतं. ४ फेब्रुवारी २०२३ ला अमेरिकेत ऑस्टिनला ते नव्हतं आणि धुकं होतं. फेडेक्सचं मालवाहू बोइंग ७६७ उतरायला येत असताना कंट्रोलरने साउथवेस्टच्या प्रवासी विमानाला त्याच पट्टीवरून उडायची परवानगी दिली. फेडेक्सच्या वैमानिकांना शेवटच्या क्षणी खाली विमानाची आकृती दिसली. त्यांनी विमान वर खेचलं आणि रेडिओवरून साउथवेस्टला उड्डाण थांबवायलाही सांगितलं. दोन विमानांमधलं अंतर १७० फुटांच्या आत आलं होतं.

आपल्याकडे

हे परदेशातच होतं असं नाही. ८ जून २०२४ ला मुंबईत एअर इंडियाचं तिरुवनंतपुरमला निघालेलं विमान उडण्यासाठी धावत होतं आणि त्याच पट्टीवर मागून इंदूरहून आलेलं इंडिगोचं विमान टेकलं. त्याचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. पुढचं विमान उडालं म्हणून सगळे सुखरूप राहिले. त्याआधी २३ ऑगस्ट २०२३ ला दिल्लीत विस्ताराच्या एका विमानाला उडायची परवानगी मिळाली होती आणि नुकत्याच उतरलेल्या विस्ताराच्याच दुसऱ्या विमानाला तीच पट्टी ओलांडायला सांगितलं गेलं होतं. ओलांडणाऱ्या विमानाच्या महिला कॅप्टनने विसंगती ओळखली आणि टॉवरला सांगितलं. दुसऱ्या विमानाला थांबवण्यात आलं. तेनेरीफच्या त्या इंजिनिअरला जे जमलं नाही, ते या बाईंनी केलं.

मुंबईच्या घटनेनंतर संबंधित कंट्रोलरला तातडीने कामावरून बाजूला केलं गेलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत तसं करणं रीतीचंच आहे आणि त्यात गैर काही नाही. पण बातम्यांत आणि व्हॉट्सॲपवर विषय तिथेच संपतो आणि ते मला पटत नाही. गर्दीच्या तासाला त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाकडे किती विमानं होती, शेजारी लक्ष ठेवणारं कुणी होतं का, सुट्टीची विश्रांती त्याला मिळाली होती का, हे प्रश्न विचारले गेले तर पुढची घटना टळते. शिक्षेची भीती एवढी असली की माणूस चूक लपवतो, तर टळलेल्या टकरी कागदावर येतच नाहीत. म्हणूनच जगभरच्या विमान क्षेत्रात नकळत झालेली चूक स्वतः नोंदवणाऱ्याला संरक्षण आणि जाणूनबुजून नियम तोडणाऱ्याला शिक्षा असा फरक करायचा प्रयत्न असतो.

सोलापूरकरांच्या ओळखीचं ठिकाण म्हणजे पुणे. १५ फेब्रुवारी २०२० ला लोहगावहून एअर इंडियाचं ए३२१ दिल्लीला निघालं. वेग चांगलाच वाढलेला असताना वैमानिकांना पट्टीवर समोर जीप आणि एक माणूस दिसला. थांबणं शक्य नव्हतं. त्यांनी विमान नेहमीपेक्षा लवकर उचललं, शेपटीकडचा भाग जमिनीला घासला, आणि विमान त्या दोघांच्या वरून निघून दिल्लीला सुखरूप उतरलं. पेरूत लिमा विमानतळावर १८ नोव्हेंबर २०२२ ला असं निभावलं नाही. धावपट्टीवर आलेल्या अग्निशमन गाडीला उडणाऱ्या ए३२० ने धडक दिली आणि अग्निशमन दलाचे जवान मरण पावले. विमानातले सगळे वाचले.

छोट्या विमानतळाचा धोका याच जातीचा असतो. दिवसाकाठी मोजकी विमानं येतात, म्हणून दोन विमानं समोरासमोर येण्याची शक्यता कमी. गाड्या, गवत कापणारे कामगार, तपासणीला गेलेली जीप, कुंपणातून शिरलेली कुत्री, यांची शक्यता मात्र असतेच. आणि विमान तासन् तास येत नसलं की 'आत्ता कुठे कोण येतंय' असं वाटणं हा माणसाचा स्वभाव आहे. म्हणून पट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडे रेडिओ हवा, जाताना परवानगी आणि बाहेर आल्यावर 'बाहेर आलो' असा निरोप हवा. तिथे विमानाला आणि जीपला नियम एकच आहे.

पट्टीवर पडलेली वस्तूही कमी घातक नाही. २५ जुलै २००० ला पॅरिसमध्ये कॉन्कॉर्ड उडताना त्याचं चाक एका धातूच्या पट्टीवरून गेलं. ती पट्टी आधी उडालेल्या विमानातून गळून पडली होती. टायर फुटलं, त्याचा तुकडा इंधनाच्या टाकीच्या जागी आदळला, आग लागली आणि ११३ जण गेले. म्हणून धावपट्टीची रोज पुनःपुन्हा पाहणी होते. एखादा नट, दगड, प्लास्टिकचा तुकडाही उचलतात.

इथे होटगी रोड, मजरेवाडी आणि आसपासच्या लोकांचा थेट संबंध येतो. विमान नियम १९३७ मधल्या नियम ९१ प्रमाणे विमानतळापासून दहा किलोमीटरच्या परिघात उघड्यावर कत्तल करणं आणि पक्षी-प्राणी गोळा होतील असा कचरा टाकणं बेकायदा आहे. दहा किलोमीटर म्हणजे जवळपास आपलं सगळं शहर. मटण-चिकनच्या दुकानांचा उरलेला माल, हॉटेलांचं खरकटं आणि लग्नानंतर मोकळ्या प्लॉटवर टाकलेल्या पत्रावळी यांवर घारी येतात, कुत्री येतात. घारी विमानाच्या वाटेत येतात आणि कुत्री कुंपणाची भोकं शोधतात. भिंतीलगत पतंग उडवणं, उतरणाऱ्या विमानाचा व्हिडिओ काढायला भिंतीवर चढणं, ड्रोन सोडणं, हेही त्यातच आलं. चिमणीसाठी जेवढा आवाज झाला, त्याच्या दहाव्या हिश्शाचा आवाज कचऱ्यासाठी झाला तरी महापालिकेला हलावं लागेल. कुंपण तुटलेलं किंवा गुरं आत गेलेली दिसली तर विमानतळाच्या गेटवर जाऊन लगेच सांगा. तिथला पहारेकरी तुम्हाला वेड्यात काढणार नाही.

विमानात बसल्यावर आपल्या हातात दोनच गोष्टी असतात. एक हानेदाने दाखवली. जळत्या ए३५० च्या आठ दारांपैकी तीनच वापरता आली, आतली उद्घोषणा यंत्रणा बंद पडली होती, तरी ३६७ प्रवासी आणि १२ कर्मचारी असे सगळे बाहेर आले. शेवटी कॅप्टन उतरला तेव्हा विमान थांबून दहा मिनिटांहून जास्त झालेली होती. प्रवाशांनी वरच्या कप्प्यातल्या बॅगा सोडून दिल्या होत्या. आपल्याकडे विमान थांबायच्या आधीच लोक उठून बॅगा काढतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

दुसरी गोष्ट 'गो अराउंड'ची. उतरता उतरता विमान अचानक जोरात वर चढतं, इंजिनांचा आवाज वाढतो, लोक देवाचं नाव घेतात, उतरल्यावर वैमानिकाला नावं ठेवतात. बऱ्याचदा त्यामागे एवढंच असतं की पुढचं विमान पट्टीवरून वेळेत बाहेर पडलेलं नाही, किंवा कुणाला काहीतरी शंका आली. वैमानिक त्यासाठी कुणाची परवानगी मागत बसत नाही. आधी वर खेचतो, मग टॉवरला सांगतो. त्यात दहा-पंधरा मिनिटं जातात आणि थोडं इंधन जळतं. मुंबईहून पुढची गाडी पकडायची असेल, तर तेवढी मिनिटं आधीच हिशेबात धरून तिकीट काढावं.